आकड्यांच्या कोठाराची देखभाल

(१९९० च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून डॉक्टर बोलले, वकील बोलले, आपल्यातले दोन शिक्षक बोलले. ‘तू नेमकं करतोस काय’ हे त्यांना समजावत बसावं लागलं नाही. मला मात्र संयोजकांनी बजावलंय, आधी काम काय ते कळेल असं सांग, मग बाकीचं. आमच्या घरी सासूबाईंनी हा प्रश्न ‘ती कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढ्यावर मिटवला, आणि तो इतकी वर्षं तसाच मिटलेला आहे.

मी एका फाइल सिस्टीमची देखभाल करते. तिचं नाव लस्टर. लिनक्स आणि क्लस्टर हे दोन शब्द एकमेकांत मिसळून ते नाव झालं. ती ओपन सोर्स आहे. म्हणजे तिच्या प्रोग्रॅमची ओळन् ओळ कुणालाही घेता येते, वाचता येते, बदलता येते आणि पैसे न देता वापरता येते. अट एकच. बदललेली प्रत दुसऱ्याला दिलीत, तर केलेले बदलही उघड करून द्यायचे. मी ती जन्माला घातलेली नाही, माझ्या कंपनीनेही नाही. अमेरिकेत, युरोपात, जपानात, ऑस्ट्रेलियात बसलेली माणसं तिची डागडुजी करत असतात. पुण्यातही काहीजण आहेत, त्यांतली मी एक.

फाइल सिस्टीम म्हणजे काय? तुमच्या घरच्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर नुसते तुकडे असतात. कोणते तुकडे कोणत्या क्रमाने जोडले की मुलीच्या लग्नाचा फोटो होतो, याचा हिशेब ठेवते ती फाइल सिस्टीम. एका डिस्कपुरतं हे सोपं आहे. पण माहिती हजारो डिस्कवर पसरलेली असेल आणि हजारो कॉम्प्युटर एकाच वेळी तिच्यावर तुटून पडले असतील तर?

आपल्या शाळेचं ग्रंथालय आठवा. ग्रंथपाल बाई आपल्याकडून चिठ्ठी घ्यायच्या, स्वतः कपाटाकडे जायच्या, पुस्तक काढून आणायच्या. मधल्या सुट्टीत चाळीस मुलांची रांग लागली की घंटा होईपर्यंत निम्म्या मुलांना पुस्तक मिळायचं नाही. आता समजा, बाईंनी पुस्तक आणून देणं बंद केलं. त्या फक्त कार्डांचा खण सांभाळतात. तुम्ही गेलात की सांगतात, ‘या ग्रंथाची पहिली शंभर पानं आठवी अ च्या कपाटात, पुढची शंभर प्रयोगशाळेत, त्यापुढची जिमखान्याच्या खोलीत.’ तुम्ही थेट तिकडे जायचं. तीन मित्र तीन खोल्यांत एकदम गेले तर ग्रंथ एका तृतीयांश वेळात वाचून होतो. लस्टरचं मर्म एवढंच आहे. कार्डं सांभाळणारे सर्व्हर वेगळे, पानं सांभाळणारे वेगळे, आणि एकेका मोठ्या फाइलचे पट्टे पाडून ते अनेक सर्व्हरवर वाटून ठेवायचे.

अवघड भाग पुढे आहे. एकाच पानावर दोघांना एकदम लिहायचं असेल तर? मग कुलूप लागतं. पहिल्याने ‘मी लिहितोय’ म्हणून लॉक घ्यायचं, दुसऱ्याने थांबायचं. आणि पहिला लॉक घेऊन झोपला तर? सर्व्हर त्याला हाक मारतो, ठरलेला वेळ वाट बघतो, आणि उत्तर आलं नाही तर त्याचं नाव पटावरून कमी करतो. आमच्या भाषेत याला ‘इव्हिक्शन’ म्हणतात. त्याच्या हातातलं न लिहिलेलं सगळं वाया जातं. एका झोपाळू यंत्रासाठी बाकीच्या चार हजारांना ताटकळत ठेवायचं नाही, हा त्यामागचा न्याय. कठोर आहे, पण दहावी ब ला तो नवा नाही.

आता भूगोलाचे सर समोर बसलेत, म्हणून पावसाकडे वळते. सरांनी मोसमी वाऱ्यांच्या दोन शाखा फळ्यावर काढून शिकवल्या, अरबी समुद्राची आणि बंगालच्या उपसागराची. त्याच वाऱ्यांचा हिशेब आपल्या गावात रोज होतो. शिवाजीनगरला ज्याला आपण अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतो, ते हवामान खात्याचं कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. पाषाणला आयआयटीएम, म्हणजे उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राची संस्था आहे. तिथे जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ हा महासंगणक आला. तो क्रे कंपनीचा, ४ पेटाफ्लॉप्सचा. म्हणजे सेकंदाला चारावर पंधरा शून्यं इतकी गणितं. त्यानंतर २०२४ मध्ये ‘अर्का’ आला, ११.७७ पेटाफ्लॉप्सचा, आणि त्याच्या जोडीला ३३ पेटाबाइट साठवण. एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख जीबी. तुमच्या मोबाइलच्या हिशेबात करून बघा.

मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. आधीच्या मॉडेलमध्ये जमिनीवरचा चौकोन १२ किलोमीटरचा होता, आता ६ चा. बाईंनी शिकवलेल्या गणिताने, बाजू निम्मी केली की चौकोन चौपट. त्या प्रत्येक चौकोनावर हवेचे कितीतरी थर, प्रत्येक थराचं तापमान, वारा, बाष्प. हे सगळं गणित सुटून चालत नाही, ते वेळेत कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. संगणक कितीही वेगवान असू दे, लिहिणारा हात मंद असेल तर तो नुसता उभा राहतो. आणि उद्याचा अंदाज परवा मिळाला तर तो इतिहास झाला.

एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. हवामानाच्या या नव्या यंत्रणेचं आणि ‘परम रुद्र’ महासंगणकांचं लोकार्पण २६ सप्टेंबर २०२४ ला व्हायचं होतं. पंतप्रधान पुण्यात येणार होते. तो दौरा पावसामुळे रद्द झाला आणि लोकार्पण दिल्लीहून पडद्यावर झालं. पावसाला आपल्यावर पाळत ठेवलेली आवडली नसावी.

‘परम’ हे नाव तर आपल्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. अमेरिकेने महासंगणक द्यायला आढेवेढे घेतले, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघाली, डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख, आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. आपण तेव्हा अकरावी-बारावीत होतो. त्या घराण्यातला ‘परम ब्रह्म’ आज पाषाणच्या आयसरमध्ये आहे, आणि त्याचं साठवणीचं कोठार लस्टरवर चालतं. प्रत्यूषसारख्या क्रे यंत्रांबरोबर येणारं कोठारही लस्टरचंच असे. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतला ‘फ्रंटियर’ २०२२ मध्ये जगात पहिला आला, त्याचं ‘ओरायन’ नावाचं कोठारसुद्धा लस्टरवरच उभं आहे. म्हणजे मी ज्या ओळी तपासते, त्या कुठल्या कुठे जाऊन बसतात, हे मलाच कधी कधी बातमीत वाचून कळतं.

आता देखभालीचं सांगते. त्यात गौरवशाली असं फार नाही.

लस्टर लिनक्सवर चालते. लिनक्सचा गाभा, त्याला कर्नल म्हणतात, दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा येतो. तो लिहिणारे लोक आतल्या गोष्टी सर्रास बदलतात. काल ज्या फंक्शनला तीन गोष्टी द्यायच्या त्याला आज चार. कर्नलमध्येच राहणाऱ्या प्रोग्रॅमची दुरुस्ती बदल करणारेच करून टाकतात. लस्टर बाहेर राहते. २०१३ मध्ये तिच्या एका भागाला कर्नलच्या ओसरीवर जागा मिळाली होती. पण २०१८ मध्ये, काम पुरेशा वेगाने होत नाही म्हणून, तो भाग बाहेर काढला गेला. त्यावर आमच्यात आजही दोन मतं आहेत. माझं मत विचाराल तर बाहेर काढणारे चुकले नव्हते. काम दोन ठिकाणी चाललं होतं, ओसरीवर एक आणि घरात दुसरं, आणि दोन्हींचा मेळ बसत नव्हता.

परिणाम असा, की घर आपलं पण रस्ता दुसऱ्याचा, आणि तो दर दोन महिन्यांनी खणला जातो. माझ्या कामाचा मोठा हिस्सा म्हणजे नव्या रस्त्याला दरवाजा जुळवून घेणं. तेही जुना दरवाजा न मोडता, कारण कुणाकडे पाच वर्षांपूर्वीचा कर्नल असतो आणि तो बदलायची त्यांची तयारी नसते. पुणेकरांना रस्ते खणण्याबद्दल याहून जास्त सांगायला नको.

बाकीचा हिस्सा तक्रारींचा. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो. कुणी दुरुस्ती सुचवली की ती सगळ्यांसमोर मांडली जाते. यंत्रं तिच्यावर शेकडो चाचण्या चालवतात आणि किमान दोन जाणकारांनी वाचून होकार दिल्याशिवाय ती आत जात नाही. दोन जाणकारांत कधी कधी मी असते. माझ्या होकारासाठी टोकियोतला कुणीतरी थांबलेला असतो, आणि माझ्या दुरुस्तीतली चूक फ्रान्समधली बाई काढते.

एक तक्रार मुद्दाम सांगते. एका विद्यापीठाने कळवलं, दर दहा-बारा दिवसांनी एखादं काम गोठतं. बिघाड दिसत नाही, चुकीचा संदेश नाही, फक्त थांबतं. यंत्र बंद करून चालू केलं की सुरळीत. अशा तक्रारी सर्वांत वाईट. जे मोडतं ते सापडतं. जे थांबतं ते का थांबलं, हे विचारायला कुणी जागं नसतं.

आम्ही तिघांनी तीन वेगवेगळ्या देशांतून त्या गोठलेल्या यंत्राच्या मेमरीची प्रत उघडून बघितली. कोण कशासाठी थांबलंय याची साखळी कागदावर काढत गेलो. एका यंत्राकडे लॉक होतं आणि सर्व्हर ते परत मागत होता. लॉक सोडायच्या आधी हातातला मजकूर लिहून टाकायला हवा. लिहायला थोडी मेमरी हवी. मेमरी संपलेली होती, म्हणून कर्नल म्हणाला, थांब, जुना साठलेला मजकूर डिस्कवर लिहितो, म्हणजे जागा होईल. आणि तो जुना मजकूर होता त्याच फाइलचा, ज्याला तेच लॉक हवं होतं. उंबऱ्यातच माणूस उभा आहे. आतला म्हणतो, तू आत ये म्हणजे मी बाहेर जातो. बाहेरचा म्हणतो, तू बाहेर ये म्हणजे मी आत येतो.

शोधायला तीन आठवडे लागले. दुरुस्ती एका शब्दाची होती. मेमरी मागताना ‘यासाठी फाइल सिस्टीमकडे जाऊ नकोस’ अशी खूण करायची, एवढंच. पण ती एका शब्दाची दुरुस्ती आत जाईना. तपासणाऱ्याने विचारलं, चाचणी कुठे आहे? बारा दिवसांतून एकदा घडणारी गोष्ट मागितल्याबरोबर घडवून दाखवणारी चाचणी लिहायला मला आणखी चार दिवस लागले. तेव्हा मी मनातल्या मनात त्याला बरंच काही म्हणाले. आज ती चाचणी प्रत्येक नव्या बदलावर आपोआप चालते, आणि नंतर एकदा दुसऱ्याच कुणाच्या बदलात तोच दोष परत येऊ पाहत होता, तो तिने दारातच अडवला.

आणि जिथे फाइल सिस्टीम बिनचूक असते तिथेही माहिती जातेच. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरून ७७ टेराबाइट माहिती पुसली गेली. जवळजवळ ३ कोटी ४० लाख फाइली, १४ संशोधन गटांच्या. कोठार लस्टरचंच होतं, पण दोष तिचा नव्हता. जुन्या नोंदी साफ करणारा एक छोटा प्रोग्रॅम चालू असतानाच कुणीतरी त्याची नवी प्रत त्याच्यावर ठेवली. अर्धा जुना, अर्धा नवा असा तो वाचला गेला, एका नावाची जागा रिकामी राहिली, आणि ‘अमुक फोल्डरमधलं जुनं पूस’ याचा अर्थ ‘जे दिसेल ते पूस’ असा झाला. लस्टरने सांगितलं तेवढं केलं, अतिशय वेगाने. काही गटांचं काम कधीच परत मिळालं नाही. वेगवान कोठार म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे, हे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगते. ती मुलं मान डोलावतात आणि स्वतःच्या लॅपटॉपची प्रत ठेवत नाहीत.

पैशांचा प्रश्न कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी मला पगार कोण देतं? ज्यांची यंत्रं तिच्याशिवाय विकली जाणार नाहीत, त्या कंपन्या. आणि मोठमोठ्या प्रयोगशाळा. पण कंपन्यांची मर्जी कशी असते, ते लस्टरच्या इतिहासातच बघा. पीटर ब्राम यांनी १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात हे काम सुरू केलं, २००१ मध्ये कंपनी काढली. २००७ मध्ये ती सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली. २०१० मध्ये सनला ऑरॅकलने घेतलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ऑरॅकलने सांगितलं, पुढची आवृत्ती आम्ही करणार नाही. एखादा बंदिस्त प्रोग्रॅम असता तर तिथेच संपला असता. इथे कोड सगळ्यांच्या हातात होता. काम करणारी माणसं व्हॅमक्लाउड नावाच्या नव्या कंपनीत आणि इतरत्र जमली, प्रयोगशाळांनी आणि उत्पादकांनी मिळून ओपनएसएफएस ही संस्था उभी केली, आणि सप्टेंबर २०११ मध्ये २.१ ही आवृत्ती मूळ मालकाशिवाय बाहेर पडली. पुढे व्हॅमक्लाउड २०१२ मध्ये इंटेलकडे आणि २०१८ मध्ये डीडीएनकडे गेली. लस्टर हे नाव ऑरॅकलकडून झायरेटेक्सकडे, तिथून सीगेटकडे. मालक बदलत गेले, बिऱ्हाड तेच.

पण परवान्याने माणसं मिळत नाहीत, हेही सांगायला हवं. ग्लस्टर नावाची आणखी एक ओपन सोर्स फाइल सिस्टीम आहे, आपल्या शेजारी बंगळुरूमध्ये तिच्यावर मोठं काम झालं. तिची कल्पना सुंदर आहे, कार्डं सांभाळणाऱ्या बाईच नाहीत, फाइलच्या नावावरूनच गणित करून तिची जागा काढायची. रेड हॅटने २०११ मध्ये ती कंपनी घेतली. तिच्यावरच्या आपल्या उत्पादनाचा आधार त्यांनी २०२४ च्या अखेरीस थांबवला. कोड आजही खुला आहे, कुणीही घ्यावा. पण मालक गेल्यावर घेऊन बसणारे हात लस्टरला जसे मिळाले, तसे तिला मिळालेले नाहीत.

आमच्याकडेही तसं होता होता राहिलं. काही वर्षांपूर्वी माझी तेव्हाची कंपनी या कामातून बाहेर पडली. नाव घेत नाही. शुक्रवारी दुपारी चार वाजता सांगितलं, सोमवारपासून गट नाही. आम्ही नऊजण होतो. सहाजण महिनाभरात दुसऱ्या कामाला लागले, आणि त्यांचं काहीच चुकलं नाही. घराचे हप्ते कुणाला थांबत नाहीत. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. नवऱ्याची नोकरी होती म्हणून मला थांबता आलं, हे स्पष्ट सांगते, त्यागाबिगाची गोष्ट नाही. पाच महिने मी घरच्या जेवणाच्या टेबलावरून, बिनपगारी, लोकांच्या दुरुस्त्या वाचत राहिले. कोड खुला असल्यामुळे मला कुणी हाकलून देऊ शकत नव्हतं. मग दुसऱ्या ठिकाणी नोकरी मिळाली, काम तेच.

नऊजणांत एक गृहस्थ होते. सर्व्हर पडून पुन्हा उठला की कुणाचं काय लिहायचं राहिलं होतं ते जुळवून घेणारा भाग त्यांना तोंडपाठ होता. ते आता बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, सुखात आहेत. त्या भागातली तक्रार आली की मी अजूनही रविवारी त्यांना फोन करते, आणि ते चहा घेता घेता सांगतात, अमुक ठिकाणी बघ. ते फोन उचलतात म्हणून चाललंय.

म्हणून इथे बसलेल्यांपैकी जे अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवतात, निदान तिघे आहेत, त्यांच्याकडे मागणं आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी दर वर्षी दोन मुलं माझ्याकडे पाठवा. हजेरी व्यवस्थापनाचं ॲप शंभर वेळा झालंय. मुलांना दुसऱ्याने लिहिलेले जुने कागद वाचायची सवय लागायला हवी. पहिले दोन महिने ती रडतील. तिसऱ्या महिन्यात एखादी दुरुस्ती आत गेली की जगातल्या मोठमोठ्या यंत्रांवर त्यांचं नाव जाईल, आणि परीक्षकांना दाखवायला याहून चांगलं काय हवं?

जाता जाता या स्मरणिकेपुरतं. तुम्ही पाठवलेले जुने फोटो, सहलीचे, स्नेहसंमेलनाचे, बाईंच्या निरोपसमारंभाचे, स्कॅन करून झाले आहेत. सगळे मिळून ४० जीबीसुद्धा नाहीत, तेव्हा लस्टरची गरज नाही. तीन प्रती केल्या आहेत. एक शाळेच्या कार्यालयात, एक कोथरूडला माझ्याकडे, आणि एक नाशिकच्या आपल्या मैत्रिणीकडे, कारण तिन्ही डिस्क एकाच पुरात भिजून उपयोग नाही. दर सहा महिन्यांनी, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला, प्रत्येकाने आपली डिस्क जोडून फोटो उघडतात का ते बघायचं आणि गटावर ‘उघडले’ एवढं लिहायचं. दोन डिस्कना माणसं ठरली आहेत. शाळेतल्या डिस्कसाठी अजून कुणी हात वर केलेला नाही. चहाच्या टेबलाजवळ कागद ठेवलाय, त्यावर नाव आणि फोन नंबर लिहा.